थोरले बाजीराव, काशीबाई आणि मस्तानी : गोदाकाठावरून एक अवलोकन



आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा एखाद्या राष्ट्रपुरुषाच्या चरित्रावर लेख लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम माझे मन कचरले. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात खेड्यापाड्यांच्या शाळांत खडू-फळ्याच्या सेवेत घालविलेला एक साधा शिक्षक आहे. परंतु एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे ऋण माझ्या माथ्यावर कित्येक वर्षे आहे. ते फेडण्यास ही संधी बरी, असे वाटून लेखणी हाती घेतली.

सेवानिवृत्तीपूर्वी काही वर्षे मी वैजापूर तालुक्यातील एका शाळेत होतो. तेथून पालखेडचे रणक्षेत्र दूर नाही. एकदा सातवीच्या मुलांना घेऊन तेथे गेलो. उघडा माळ, काटेरी झुडपे, दूरवर ज्वारीची वावरे. दाखविण्यासारखे तेथे काहीच नव्हते, म्हणून मी बोलूनच लढाई उभी केली. त्या सुमारास बाजीराव-मस्तानीवरील चित्रपट गावोगाव पोहोचलेला होता. माझे सांगून झाल्यावर एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, एवढ्या मोठ्या निजामाला हरवलं बाजीरावानं, मग घरच्यांपुढं का हरला?" मुले हसली. मी घड्याळाकडे पाहिले आणि एस. टी. ची वेळ झाली असे सांगून सर्वांना रांगेत उभे केले. त्या मुलाला मी उत्तर दिले नाही. जे उत्तर त्या दिवशी माळावर द्यावयास हवे होते, ते आज येथे देत आहे.

पालखेडचा विजेता

थोरल्या बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. वडील बाळाजी विश्वनाथ यांच्या निधनानंतर १७ एप्रिल १७२० रोजी शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली, तेव्हा त्यांच्या वयाला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दरबारातील जुन्या मुत्सद्द्यांना ही निवड रुचली नाही. परंतु महाराजांची पारख अचूक होती, हे पुढील वीस वर्षांनी सिद्ध केले.

आपल्या मराठवाड्याशी या पुरुषाचा संबंध फार जवळचा आहे. निजामुल्मुल्क याने औरंगाबाद येथे आपले ठाणे बळकट केले होते, आणि मराठ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीस तो नाना निमित्ते काढून अडथळा करीत होता. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा पक्ष उचलून धरून त्याने पुण्याकडे मोर्चा वळविला. बाजीरावांनी पुण्याच्या बचावासाठी धाव न घेता निजामाच्याच मुलखात मुसंडी मारली. बऱ्हाणपूरची आवई उठवून ते गुजरातेत उतरले आणि निजामाला आपल्यामागे फरफटत आणले. जड तोफखाना मागे ठेवून निजाम गोदावरी उतरला, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडजवळ पाणी व दाणावैरण तोडून मराठ्यांनी त्याला कोंडले. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. गेल्या शतकातील इंग्रज सेनानी माँटगोमेरी यांनीही आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात या मोहिमेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे.

अशा पुरुषाच्या खाजगी जीवनाबद्दल लिहावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, थोर पुरुषाचे घर आणि त्याचे रणांगण यांच्यामध्ये भिंत नसते. घरातील सुखदुःख तो पाठीवर बांधूनच घोड्यावर चढतो. शिवाय आपण मौन धरल्याने लोक बोलावयाचे थांबत नाहीत. जाणत्यांनी मौन धरले की कंड्या पिकतात, एवढेच होते. विडा खाल्ल्यावर मस्तानीच्या गळ्यातून उतरणारा रस बाहेरून दिसे, ही गोष्ट आपल्याकडे पोराठोरांना पाठ असते. पण तिचा मुलगा कोण, तो कोठे आणि कशासाठी मेला, हे विचारले तर भलेभले गप्प बसतात. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. त्यांत पेशव्यांच्या या कौटुंबिक प्रकरणाचेही कागद आहेत. ज्यांच्यापाशी कागद आहेत त्यांनी कंड्यांवर विसंबू नये.

चासची लेक

बाजीरावांच्या धर्मपत्नी काशीबाई या चास येथील महादजी कृष्ण जोशी यांच्या कन्या. भीमेच्या काठचे हे चासकर जोशी मोठे सावकार होते. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयात, वडीलधाऱ्यांच्या विचाराने झालेले. नानासाहेब, रघुनाथराव व जनार्दन हे त्यांचे पुत्र.

काशीबाईंचे नाव आपण बहुधा मस्तानीच्या नावामागोमाग घेतो, हा त्या माउलीवर मोठा अन्याय आहे. नवरा वर्षातील आठ-नऊ महिने घोड्यावर. घरात कर्तबगार सासू राधाबाई. सोबत दीर चिमाजी अप्पा यांचे मातृहीन पुत्र सदाशिवराव. जावांनणंदांचा राबता, आश्रितांच्या पंगती, मोहिमांपायी होणाऱ्या कर्जांची चिंता. हे सारे त्यांनी गाजावाजा न करता सांभाळले. नवऱ्याच्या जीवनात दुसरी स्त्री आल्यावरही त्यांच्या वर्तनात आक्रस्ताळेपणा दिसत नाही. त्यांच्या मोठेपणाची खरी कसोटी पुढे लागली, ती यथाक्रम सांगेन.

बुंदेलखंडाची कन्या

१७२९ साली बुंदेलखंडाचे वृद्ध राजे छत्रसाल मोठ्या संकटात सापडले. अलाहाबादचा सुभेदार महंमदखान बंगश याने त्यांचा मुलूख व्यापून त्यांना जेर केले होते. ऐंशीच्या घरातील त्या राजाने बाजीरावांना आर्त हाक घातली. नक्राने पाय धरलेल्या गजेंद्राची उपमा त्याने स्वतःस दिली होती, अशी परंपरा आहे. मार्च महिन्यात बाजीराव बुंदेलखंडात दाखल झाले. बंगश जैतपूर येथे कोंडला गेला आणि अखेर बुंदेलखंड सोडून जाण्याचे कबूल करून सुटला. छत्रसालांनी बाजीरावांस पुत्र मानले आणि आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्यांच्या नावे केला. डिसेंबर १७३१ मध्ये छत्रसाल निवर्तले.

याच संबंधातून मस्तानी बाजीरावांच्या जीवनात आली. ती छत्रसालांची मुसलमान उपस्त्रीपासून झालेली कन्या, ही बुंदेलखंडाची परंपरा. ती नर्तकी होती, निजामाच्या दरबारातून आली, अशा इतरही कथा बखरींतून व लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत. एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. छत्रसाल हे महामती प्राणनाथांचे शिष्य होते, आणि प्राणनाथांच्या प्रणामी पंथात पुराण व कुराण यांचा समन्वय होता. अशा छायेखाली वाढलेल्या मुलीस कृष्णभक्ती आणि नमाज यांत विरोध वाटला नसेल तर नवल नाही. नवल वाटले ते पुण्यास.

जानेवारी १७३० मध्ये नानासाहेबांचा गोपिकाबाईंशी विवाह झाला, त्या सुमाराच्या कागदांत मस्तानीचे नाव प्रथम आढळते. त्याच महिन्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. त्या वाड्यात तिच्यासाठी महाल होता, आणि वाड्याच्या एका दरवाजाला मस्तानी दरवाजा असे नाव पडले. पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला इनाम मिळाली. उत्तम गाणारी, नाचणारी, घोड्यावर बसणारी अशी तिची ख्याती आहे. १७३४ मध्ये तिला पुत्र झाला. त्याच वर्षी काशीबाईंच्या पोटी रघुनाथरावांचा जन्म झाला. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. एकाच पित्याची दोन मुले, एकाच वर्षी, एकाच घरात पाळण्यात होती.

घरच्यांचा विरोध : दोन्ही बाजू

राधाबाई, चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. मी स्वतः कुटुंबवत्सल माणूस आहे आणि त्यांची भीती मला समजते. कोकणातून वर आलेल्या या घराण्याची प्रतिष्ठा एका पिढीची होती. बारामतीचे जोशी, इचलकरंजीचे घोरपडे, चासचे जोशी अशा घरांशी नव्या सोयरिकी जुळल्या होत्या. बाजीराव मद्यमांसाला शिवतात अशी कुजबुज सुरू झाली. उद्या पंक्तीला कोण बसेल, मुलांच्या मुंजी कोण लावील, मुली कोण देईल, ही चिंता त्या घरातील वडील माणसांना रात्रंदिवस ग्रासत असली पाहिजे. साताऱ्याच्या दरबारात हितशत्रू टपलेले होते, ते वेगळेच.

चिमाजी अप्पांविषयी तर विशेष सांगितले पाहिजे. रामाच्या पाठीशी लक्ष्मण, तसे ते भावाच्या पाठीशी उभे राहिले. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेऊन त्यांनी अजरामर कीर्ती मिळविली. भावावर त्यांचे निस्सीम प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच आपण भावाला 'सोडवीत' आहोत असे त्यांना वाटत होते. आपल्या माणसावरील प्रेमाचा आणि लोकलज्जेचा गुंता झाला म्हणजे सज्जनाच्या हातूनही कठोर कृत्य घडते. हे प्रकरण त्याचेच उदाहरण आहे.

१७३९ च्या अखेरीस गोष्टी विकोपास गेल्या. घरात रघुनाथरावांची मुंज व सदाशिवरावांचा विवाह अशी दोन मंगलकार्ये योजलेली होती. बाजीरावांचा मस्तानीशी संबंध असताना आपण कार्यास बसणार नाही, असा पवित्रा पुरोहितवर्गाने घेतला. मस्तानीस पुण्यात पहाऱ्यात ठेवण्यात आले. नोव्हेंबर महिन्यात ती पहारा चुकवून बाजीरावांकडे पाटसला जाऊन पोहोचली. मागोमाग घरोब्याची वजनदार मंडळी पाटसला गेली आणि अनेक परींनी समजूत घालून त्यांनी तिला परत पाठविण्यास बाजीरावांस भाग पाडले. दिल्लीच्या वेशीवर धडक मारणारा, भोपाळला निजामास दुसऱ्यांदा कोंडणारा तो पुरुष येथे आईपुढे, भावापुढे आणि मुलापुढे नमला. त्याने तलवार उपसली नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे. घरच्यांना शत्रू मानता येत नाही, म्हणून त्यांच्यावर विजयही मिळविता येत नाही.

या सर्व प्रकरणात शहाणपणाची गोष्ट सांगितली ती शाहू महाराजांनी. जानेवारी १७४० मध्ये गोविंदराव चिटणिसांच्या मार्फत नानासाहेबांस महाराजांचा आशय कळविण्यात आला. रावांचे मन दुखवू नये, ती वस्तू त्यांची आहे, त्यांची त्यांस द्यावी, अटकाव केल्याने दोष दूर होत नाही, असा त्याचा मतलब होता. औरंगजेबाच्या छावणीत ज्याचे बालपण व तारुण्य बंदिवासात गेले, त्या राजाला पहाऱ्याखालच्या माणसाचे दुःख इतरांहून अधिक कळले असेल. परंतु पुण्यात त्या सल्ल्याचे चीज झाले नाही. मस्तानीस पर्वतीच्या बागेत कैदेत ठेवण्यात आले.

गोदाकाठची शेवटची लढाई

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. निजामुल्मुल्क दिल्लीत गुंतला होता आणि त्याचा पुत्र नासिरजंग औरंगाबादेहून दक्षिणेचा कारभार पाहत होता. १७४० च्या आरंभी त्याच्याशी बाजीरावांचे युद्ध जुंपले. पुण्यास मस्तानी कैदेत, आणि इकडे गोदावरीच्या दोन्ही तीरांवर धामधूम. फेब्रुवारीत पुण्यास रघुनाथरावांची मुंज लागली, तेव्हा मुलाचे वडील मोहिमेवर होते. त्याच महिन्याच्या अखेरीस नासिरजंग तहास आला. मुंगी-पैठण येथे झालेल्या या तहाने हंडिया व खरगोण ही सरकारे बाजीरावांस मिळाली. मनाच्या अशा अवस्थेतही त्यांच्या तलवारीची धार बोथट झाली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

पैठणचे नाव निघाले की आपणां मराठवाड्यातील माणसांच्या मनात दुसरी एक कथा जागी होते. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतल्यावर पुन्हा संसार मांडला, म्हणून त्यांच्या मुलांची मुंज लावण्यास ब्रह्मवृंदाने नकार दिला. तेव्हा ती मुले शुद्धिपत्रासाठी याच पैठणास आली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या चार मुलांतील एकाने पुढे महाराष्ट्राला ज्ञानेश्वरी दिली. याच पैठणात एकनाथांनी समाजाचा रोष पत्करून अंत्यजाच्या घरचे अन्न गोड मानले. ज्या गोदाकाठावर हे सर्व घडले, त्याच काठावर बाजीराव तहाच्या कलमांवर बोलत होते, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या एका मुलाच्या मुंजीचे चौघडे पुण्यात नुकतेच वाजून गेले होते. दुसऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी ते वाजणार नव्हते. त्या मुलाचे नाव बाजीरावांनी कृष्णराव ठेवले होते आणि त्याचे उपनयन करावे अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ते मान्य केले नाही. कृष्णराव शमशेर बहादूर झाला.

शास्त्राला वाटच नव्हती काय? ह्या महाराष्ट्रातच बजाजी नाईक निंबाळकरांस स्वधर्मात परत घेतले होते, आणि शिवछत्रपतींनी आपली कन्या सखूबाई बजाजींच्या मुलास देऊन त्या शुद्धीवर सोयरिकीचा शिक्का मारला होता. नेताजी पालकरांस तर १६७६ मध्ये, दहा वर्षे मुसलमान होऊन राहिल्यावरही, महाराजांनी परत घेतले. वाट होती. त्या वाटेने चालणारा छत्रपती उरला नव्हता, आणि पेशव्याचे हात पंगतीच्या भीतीने बांधलेले होते.

रावेरखेडी

तहानंतर बाजीराव नव्याने मिळालेल्या मुलखाची व्यवस्था लावण्यास खरगोणकडे गेले. चिमाजी अप्पा त्यांचा निरोप घेऊन परतले. ७ मार्च १७४० चे अप्पांचे नानासाहेबांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. निरोप घेतल्यापासून रावांचे पत्र नाही, त्यांचे व्यथित मन शांत करण्याचा यत्न केला, परंतु ईश्वरेच्छा निराळी दिसते, आपण पुण्यास आल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावी, असा त्याचा आशय आहे. लक्ष्मणाला अखेर उमगले, परंतु उशिरा. दोन महिन्यांच्या आत, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावांचा अंत झाला. वयाची चाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ काशीबाई होत्या आणि लहानगा जनार्दन होता. इतकी वर्षे उपेक्षेचा डंख सोसून ती साध्वी वैशाखाच्या उन्हात छावणीत येऊन पतीच्या उशाशी बसली होती. मस्तानीही फार दिवस राहिली नाही. तिने विष घेतले, दुःखाने प्राण सोडला, असे वेगवेगळे सांगतात. त्याच वर्षी ती गेली, आणि पाबळ येथे तिची कबर आहे. डिसेंबर १७४० मध्ये चिमाजी अप्पाही निवर्तले. एका वर्षात एका घराचे तीन दिवे मालवले.

या संबंधांचा परिणाम काय झाला?

बाजीराव मस्तानीच्या नादी लागून कर्तव्याला चुकले, हा आक्षेप टिकत नाही. सालांचा हिशेब पाहावा. १७३० नंतरच डभोईची लढाई (१७३१), जंजिऱ्याची मोहीम (१७३३), दिल्लीवरील धडक (१७३७), भोपाळचा विजय व जानेवारी १७३८ चा दुराईसराईचा तह, आणि शेवटी गोदाकाठचे हे युद्ध झाले. प्रेमाने त्या पुरुषाचे बळ घटले, असे यावरून कोणी म्हणू शकणार नाही. बळ घटले असेल तर ते ताटातुटीने. ज्वर सर्वांनाच येतो, पण खचलेल्या मनाच्या शरीरात तो ठाण मांडतो, असे आपले वैद्य सांगत आले आहेत. त्यांच्या मृत्यूचे खापर एकट्या कुणाच्या माथी फोडणे मला योग्य वाटत नाही. परंतु राज्याचा आधारस्तंभ मनाने एकाकी असताना कोसळला, हे नाकारता येत नाही.

बुंदेलखंडाशी मराठ्यांचे नाते मुळात राजकीय होते, पण त्याला या संबंधाने रक्ताचा धागा जोडला. तो धागा कसा टिकला, हे सांगण्यासाठी आता मी काशीबाईंच्या त्या कसोटीकडे येतो. मस्तानीच्या मागे तिचा सहा वर्षांचा पोरका मुलगा शनिवारवाड्यात राहिला. काशीबाईंनी त्याला आपल्या मुलांसारखा वाढविला. सवतीच्या मुलाला, तेही अशा सवतीच्या, मायेचा घास भरविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे १७४९ मध्ये त्यांनी चास येथे सोमेश्वराचे देवालय बांधविले. ते पाहावयास लोक आजही जातात. मला मात्र वाटते की, त्यांचे सर्वांत मोठे देवालय म्हणजे त्यांनी वाढविलेला तो मुलगा होय.

नानासाहेबांच्या न्यायबुद्धीचीही नोंद केली पाहिजे. ज्यांनी मस्तानीस अटकेत टाकले, त्यांनीच तिच्या मुलास सरदारकी दिली आणि भाऊ म्हणून वागविले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर, विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ ज्या रणात पडले, त्याच रणात शमशेर बहादूर लढला. जबर जखमी होऊन तो सूरजमल जाटाच्या मुलखात डीग येथे पोहोचला आणि तेथे त्याने देह ठेवला. वय अवघे सत्तावीस. समोर अब्दाली होता, आणि त्याच्या धर्माच्या नावाने मराठ्यांविरुद्ध फळी उभी केलेली होती. पलीकडे जाण्यास या तरुणाला वाट मोकळी होती. तो गेला नाही. ज्या घराने त्याला जानवे नाकारले, त्या घरासाठी त्याने रक्त दिले.

त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल बसविला आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो मरण पावला. त्याच वंशातील बांद्याचे नवाब अली बहादूर दुसरे १८५७ च्या समरात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि राज्य गमावून बसले. एका नाकारलेल्या मुलाच्या वंशाने शंभर वर्षांत तीनदा आपली निष्ठा सिद्ध केली. आपल्यापैकी किती स्वीकारलेल्या घराण्यांना असे सांगता येईल?

आपल्यापुरते

ज्ञातीच्या स्मरणिकेत हा विषय मी मुद्दाम घेतला. या अंकाच्या शेवटी नेहमीप्रमाणे वधू-वर सूची असेल आणि ती उपयुक्त आहे. तिला माझा विरोध नाही. परंतु सूचीत नसलेली माणसेही आपल्या घरांत असतात. माझ्या धाकट्या बहिणीने अनेक वर्षांपूर्वी ज्ञातीबाहेर विवाह केला. घरात कोणी तिला मारले नाही की कोंडले नाही, आम्ही फक्त तिला मोजणे सोडून दिले. पुढे माझ्या मुलाचे लग्न ठरले, तेव्हा पत्रिकेचा मसुदा मीच केला. 'आपले विनीत' या शीर्षकाखाली चुलत्यामावशांची एकोणीस नावे घातली, आणि बहिणीचे व मेहुण्यांचे नाव गाळले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. लोक काय म्हणतील, एवढेच मनात होते. ती आली, मागच्या रांगेतील खुर्चीवर बसली, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि जेवणापूर्वी निघून गेली. वर्गात पाटसची कथा डोळ्यांत पाणी आणून सांगणारा मी, त्या दिवशी तिच्यामागे मांडवाच्या दारापर्यंतही गेलो नाही.

पालखेडच्या माळावर त्या मुलाला मी उत्तर का दिले नाही, ते वाचकांच्या आता ध्यानात आले असेल. वेळ एस. टी. ची झाली होती हे खरे, पण तेवढेच खरे नव्हते.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. पुढील वर्षी कुटुंब-परिचय पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार आहे. तीत ज्या लेकींनी व लेकांनी ज्ञातीबाहेर विवाह केले, त्यांची, त्यांच्या जोडीदारांची आणि मुलाबाळांची नावे त्यांच्या माहेरच्या घराखाली छापावीत. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही आणि कोणतेही शास्त्र आडवे येत नाही. माझ्या घराची माहिती मी या लेखासोबतच पाठविली आहे. तीत बहिणीचे नाव आहे, मेहुण्यांचे आहे, भाच्याचे आहे. ती जशीच्या तशी छापावी.

नासिरजंग आणि त्याचा पिता निजामुल्मुल्क हे दोघेही येथून जवळच, खुलताबादेत, चिरनिद्रा घेत आहेत. त्यांच्याशी बाजीरावांचे भांडण होते ते तहाने मिटले. घरचे भांडण मिटविण्यास मात्र तह करणारे कोणी पुढे आले नाही, आणि जे आले ते उशिरा आले. आपण तेवढा उशीर करू नये, इतकेच सांगून ज्ञातिबांधवांची रजा घेतो.